पानफुटीचा तोतया

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या मावशीला रात्री साडेअकराला दवाखान्यात न्यावे लागले. उलट्या थांबत नव्हत्या, डोके गरगरत होते आणि छातीत धडधडतेय असे ती सारखे म्हणत होती. तरुण डॉक्टरांनी नाडी पाहता पाहता विचारले, "आजी, काही वेगळं खाल्लंत का?" मावशी म्हणाली, "काही नाही बाबा. मुतखड्यावर चार दिवस पानफुटीची पानं चावून खातेय, तेवढंच." डॉक्टर माझ्याकडे वळले. "कोणती पानफुटी? पान कसं असतं तिचं?" मी म्हणालो, "पानफुटी म्हणजे पानफुटी, डॉक्टर. घरचीच आहे. मीच कुंडी दिली होती."

मावशी तिसऱ्या दिवशी घरी आली. सगळे त्या पानांमुळेच झाले असे डॉक्टरांनी काही छातीठोकपणे सांगितले नाही, आणि तसे सांगण्याचा अधिकार मलाही नाही. पण 'कोणती?' हा त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गेली पंचवीस वर्षे बँकेतली नोकरी सांभाळून मी जुनी गॅझेटियरे, वनस्पतींच्या याद्या आणि गावोगावची झाडांची नावे गोळा करतो आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात आणि बांधावर. तरीही 'नावात चूक होता कामा नये' असे दुसऱ्यांना सुनावत आलो होतो. आणि स्वतःच्या गच्चीवरच्या रोपाचे नाव मी ज्या स्नेह्याकडून रोप आणले, त्याच्या तोंडून ऐकून तसेच पुढे चालवले होते. त्या रोपाची पिल्ले मी आठ घरांत वाटली होती.

हा लेख त्या एका प्रश्नाच्या उत्तराचा आहे. उत्तर शोधता शोधता मला कलकत्ता, वायमार, मादागास्कर आणि कॅलिफोर्निया अशी वारी करावी लागली. अर्थात बसल्या जागेवरून.

वहीतले पान

पानफुटी आपल्याला शाळेत भेटते. 'पानापासून नवे रोप' या धड्याला तिचेच उदाहरण असते. आम्ही तिचे पान वहीत घालून ठेवत असू. आठ-दहा दिवसांनी पानाच्या खाचांतून पांढरी मुळे आणि इवलाली पाने डोकावत. मराठीत तिला घायमारीही म्हणतात, कारण जखमेवर तिचे पान गरम करून बांधायची पद्धत आहे. संस्कृत धाटणीचे 'पर्णबीज' हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत येते. शास्त्रीय नाव कलांचो पिन्नाटा. जुन्या पुस्तकांत ब्रायोफायलम कॅलिसिनम.

मी गच्चीवर गेलो आणि माझी कुंडी नीट पाहिली. शाळेतल्या पानफुटीचे पान जाड, रुंद, कडेला गोलसर खाचांचे असते. झाड मोठे झाले की एकाच देठावर तीन किंवा पाच पर्णिका येतात. माझ्या कुंडीतली पाने लांबट, होडीसारखी मधोमध दुमडलेली, टोकाला निमुळती होती. खालच्या बाजूला जांभळट-तपकिरी ठिपके. पिल्ले पानाच्या कडेने रांगेत बसलेली, तीही पान झाडावर असतानाच. आमच्या वहीतल्या पानाला आधी झाडावरून तुटावे लागे, तेव्हा कुठे ते फुटे. एवढा ढळढळीत फरक, आणि मी तो चार वर्षे रोज पाणी घालताना पाहिला नव्हता.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, तेव्हा त्याला ओळखण्यासाठी पुण्यात पंच बसवावे लागले होते. मला वाटले, माझ्या गच्चीवरही एक तोतया राहून गेला. पण त्या तोतयाने 'मी भाऊ आहे' असे स्वतः सांगितले होते. या बिचाऱ्या रोपाने स्वतःबद्दल काहीच सांगितले नव्हते. सांगणारा मीच होतो.

कलकत्त्याहून वायमारला

आधी खऱ्या पानफुटीचा इतिहास पाहू, कारण तिच्या नावावरच पुढचा सारा घोटाळा उभा आहे. आपल्या अंगणात ती इतकी रुळली आहे की तिला परदेशी म्हणवत नाही; पण तिचे मूळ घर मादागास्कर. १७८६ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने तिला शास्त्रीय नाव दिले. १८०५ मध्ये लंडनच्या सॅलिसबरीने तिच्यासाठी 'ब्रायोफायलम' ही नवी प्रजातीच काढली. ग्रीकमध्ये याचा अर्थ फुटणारे पान. म्हणजे आपल्या 'पानफुटी'चाच जुळा भाऊ. लंडनला हे रोप पोचले होते ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून.

जर्मन कवी गटे या झाडाच्या प्रेमात पडला होता. पान हेच वनस्पतीचे मूळ अंग आणि बाकी सगळी त्याची रूपांतरे, असा विचार त्याने १७९० मध्ये मांडला होता. नुसत्या पानातून अख्खे झाड उभे करणारी ही वनस्पती म्हणजे त्याला त्या विचाराची साक्षच वाटली असणार. वायमारच्या घरी तो तिची रोपे वाढवी आणि पिल्ले मित्रांना पाठवी. १८२६ मध्ये मारियाने फॉन विलेमर या मैत्रिणीला त्याने ती कवितेसह पाठवली. जर्मनीत आजही तिला 'गटेचे झाड' म्हणतात. पिल्ले वाटण्याची ही हौस दोनशे वर्षे जुनी आहे हे वाचून मला जरा धीर आला. फरक एवढाच, की गटेला आपण काय वाटतो आहोत हे ठाऊक होते.

याच झाडाने भारतात एक मोठा शोध घडवला, आणि तो चक्क चव घेऊन. बेंजामिन हाइने हा जर्मन गृहस्थ मोरावियन मिशनरी म्हणून दक्षिण हिंदुस्थानात आला आणि पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्याला आढळले, की पानफुटीचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट. १८१३ मध्ये त्याने हे पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लॅम्बर्टला कळवले. १८१५ मध्ये ते छापून आले. कारण पुष्कळ नंतर उलगडले. ही झाडे पाणी वाचवण्यासाठी पानांवरची छिद्रे रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून तो वापरतात. पहाटे आम्ल काठोकाठ, सांजेला रिकामे. शास्त्रात या व्यवहाराला पानफुटीच्या कुळाचेच, क्रॅसुलेसीचे, नाव आहे. वाचकांनी मात्र हाइनेचे अनुकरण करू नये. का, ते पुढे येईलच.

मुतखडा आणि पाषाणभेद

मावशीने पाने खाल्ली ती मुतखड्यासाठी. हिंदी प्रदेशात या झाडाला 'पत्थरचट्टा' म्हणतात आणि अनेक ठिकाणी तेच आयुर्वेदातले 'पाषाणभेद' असे सांगितले जाते. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय द्रव्यांत पाषाणभेदाचे नाव आहे, हे खरे. पण मादागास्करचे झाड चरकाच्या यादीत कसे असेल? आज बहुतेक अभ्यासक हिमालयातल्या खडकांवर वाढणाऱ्या बर्जेनियाला पाषाणभेद मानतात. शिवाय वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती त्याच नावाने विकल्या जात आल्या आहेत.

म्हणजे मावशीच्या हातात पान पडले तोवर नाव दोनदा घसरले होते. पहिल्यांदा ग्रंथातले पाषाणभेद पानफुटीला चिकटले. दुसऱ्यांदा पानफुटीचे नाव माझ्या कुंडीतल्या रोपाला. पहिली घसरण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दुसरी माझी.

मादागास्करची दोन भावंडे

मग माझे रोप होते तरी काय? मी सवयीने थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ उघडला. १९०१ ते १९०८ या काळात तो निघाला आणि आमच्यासारख्यांचा तो पंचांगासारखा आधार. याच कुकसाहेबांनी आपल्याकडच्या एका रानटी कलांचोला पुण्याच्या आर. के. भिडे यांच्यावरून 'भिडेई' नाव दिले आहे. या परदेशी नावांच्या गर्दीत एक भिडे भेटले की बरे वाटते. पण माझे रोप कुकमध्ये सापडेना. नंतर लक्षात आले, सापडणे शक्यच नव्हते. कुक लिहीत होते तेव्हा ते जन्मालाच आले नव्हते.

त्याच्या आईबापांपैकी पहिले कलांचो डायग्रेमोन्टियाना. नैर्ऋत्य मादागास्करमधल्या ओनिलाही नदीच्या परिसरातली ही वनस्पती; रेमों-आमे आणि पेरिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये तिला नाव दिले. पाने मोठी, रुंद, त्रिकोणी, समोरासमोर. देठाजवळ पानाला कानाच्या पाळीसारखे गोलावे. खाली जांभळे पट्टे-ठिपके. आणि कडेच्या प्रत्येक दात्यावर एक पिल्लू. फुले मळकट गुलाबी-जांभळट, काहीशी उदास.

दुसरे कलांचो डेलागोएन्सिस. याची पाने पान वाटतच नाहीत. पेन्सिलीसारख्या बारीक नळ्या, वरच्या बाजूला उथळ पन्हळ, अंगावर गर्द डाग, बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात. पिल्ले फक्त नळीच्या टोकाशी, झुबक्याने. फुले शेंदरी-लाल. १८३७ मध्ये याला डेलागोआ उपसागराचे नाव मिळाले, म्हणजे मोझांबिकमधल्या आजच्या मापुतोजवळचा किनारा. मूळ घर मात्र मादागास्करच. डेलागोआ म्हणजे 'गोव्याहून', कारण गोव्याहून परतणारी पोर्तुगीज जहाजे तिथे थांबत, अशी एक दंतकथा आहे. तिच्या जोडीला दक्षिण आफ्रिकेतला आल्गोआ उपसागर म्हणजे 'गोव्याकडे'. ऐकायला गोड, पण नावाचे मूळ 'लागोआ' म्हणजे सरोवर या पोर्तुगीज शब्दात आहे. एकूण या झाडाला चुकीच्या किनाऱ्याचे नाव, आणि त्या किनाऱ्याला चुकीची गोष्ट.

सत्तर वर्षे बिननावाचे

या दोघांचा संकर कॅलिफोर्नियात झाला. डॉ. आर्थर हॉटन हे तिथले निवडुंगवेडे गृहस्थ. १९३० च्या दशकात त्यांनी डायग्रेमोन्टियाना आणि डेलागोएन्सिस यांचा संकर करून नवे रोप तयार केले आणि अमेरिकेच्या निवडुंगप्रेमी मंडळाच्या नियतकालिकात त्याची माहिती दिली. रोप देखणे होते, मरत नव्हते आणि एकाचे शंभर होत होते. मित्राने मित्राला द्यायला याहून सोयीचे झाड नाही. ते बघता बघता जगभर गेले. 'हॉटनचा संकर' ही मूळ चिठ्ठी वाटेत गळून पडली. कुठे ते आईच्या नावाने ओळखले जाऊ लागले, कुठे बापाच्या, आमच्याकडे पानफुटीच्या.

त्याला रीतसर शास्त्रीय नाव मिळाले ते २००६ मध्ये. फ्लोरिडाच्या डॅनियल वॉर्ड यांनी पाहिले, की हे रोप बागेचे कुंपण ओलांडून रानात वाढते आहे आणि त्याला म्हणायला नाव नाही. त्यांनी ते कलांचो × हॉटनाय असे ठेवले, आणि छापले त्याच मंडळाच्या नियतकालिकात. मधल्या गुणाकाराच्या चिन्हाचा अर्थ 'संकर'. पण ज्या झाडाच्या एका पानावर पन्नास पिल्ले येतात त्याच्या नावात गुणिले हे चिन्ह असावे, याची मला अजून मौज वाटते.

त्याच्या पेशींतही एक हिशेब आहे. डायग्रेमोन्टियानात ३४ गुणसूत्रे, डेलागोएन्सिसमध्ये ६८. प्रत्येकाने निम्मी द्यायची, म्हणजे १७ आणि ३४, बेरीज ५१. अशी ५१ ची रोपे आहेतच. पण रानोमाळ पसरलेल्या रोपांत ६८ सापडतात. तिथे डायग्रेमोन्टियानाकडून निम्म्याऐवजी पुरी ३४ आली. जगाच्या पाठीवर ज्याने पाय पसरले ते हेच रूप.

बिनबियांचे हे भागते कसे, याचा उलगडा २००७ मध्ये झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले, की डायग्रेमोन्टियानामध्ये बीज घडवणारे एक महत्त्वाचे जनुक तुटके आहे, आणि बीजात जे घडायचे त्यातला काही भाग हे झाड पानाच्या कडेवर घडवते. आपण ज्यांना पिल्ले म्हणतो, ती काहीशी पानावर जन्मलेली बीजेच म्हणायची.

ओळख परेड

आता मुद्द्याचे. घरच्या कुंडीत काय आहे, हे भिंगाशिवाय ओळखता येते.

पिल्ले झाडावरच्या पानावर दिसत नाहीत, पान गळून मातीत पडले की मगच फुटतात. पाने रुंद, गोल खाचांची आणि मोठ्या झाडावर संयुक्त. फुलांच्या बाहेरचा हिरवट-लालसर फुगा कागदी कंदिलासारखा असेल, तर ती आपली पानफुटी.

पाने नळीसारखी आणि पिल्ले केवळ टोकाला, तर डेलागोएन्सिस.

पाने रुंद त्रिकोणी, देठाशी कानाच्या पाळीसारखी, खाली ठिपके, पिल्ले सबंध कडेने, तर डायग्रेमोन्टियाना. अस्सल रोप मात्र वाटते तितके सर्रास नाही. त्या नावाने विकले जाते ते पुष्कळदा दुसरेच. त्यातले एक म्हणजे कलांचो लीटिव्हिरेन्स. त्याचीही पाने रुंद आणि कडेने पिल्ले, पण रंग निव्वळ पोपटी, खाली एकही डाग नाही. त्याचे वेगळेपण शास्त्रज्ञांनी मान्य केले तेही १९९७ मध्ये.

आणि पान या दोघांच्या मधले, म्हणजे रुंद नाही आणि नळीही नाही, होडीसारखे दुमडलेले, देठ स्पष्ट, खाली डाग, पिल्ले कडेने पण टोकाकडे दाट, हिवाळ्यात येणारी फुले नारिंगी-लाल, तर तो हॉटनचा संकर. फुले हा उत्तम पुरावा: मळकट गुलाबी असतील तर डायग्रेमोन्टियानाचा विचार करावा, लालसर असतील तर संकराचा.

एक धोका सांगतो. लहान रोपावरून निकाल देऊ नये. बाळपणी ही सगळी सारखीच दिसतात. सावलीतल्या रोपाची पाने रुंद आणि डाग फिके होतात, उन्हातली अरुंद आणि गडद. मी स्वतः एकाच कुंडीतल्या दोन रोपांना दोन नावे देऊन बसलो होतो. झाड हातभर वाढू द्यावे, जमल्यास फुलू द्यावे, मग बोलावे.

हृदयावर बेतणारी गोष्ट

'काय फरक पडतो?' असे माझ्या स्नेह्याने विचारले. फरक पडतो तो असा. या झाडांत बुफाडायेनोलाइड नावाची द्रव्ये असतात. बेडकांच्या एका जातीच्या कातडीतल्या विषावरून हे नाव पडले आहे. ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समध्ये डेलागोएन्सिस आणि हा संकर, दोन्ही शोभेची रोपे म्हणून गेली, माळावर पसरली आणि तिथली गुरे ती खाऊन मेली; फुलोऱ्यात विषाचा जोर अधिक. क्वीन्सलंडमध्ये दोन्ही कायद्याने घोषित तण आहेत, विकायला बंदी आहे.

खऱ्या पानफुटीतही याच कुळातली द्रव्ये सापडली आहेत. तेव्हा 'ती खरी म्हणून निर्धोक' असेही कोणी समजू नये. पण निदान तिच्या वापराला काही पिढ्यांचा अनुभव आहे. हॉटनच्या संकराला कोणत्याही आजीबाईच्या बटव्याचा अनुभव नाही, कारण तो १९३० च्या दशकाआधी पृथ्वीवर नव्हता. पानफुटीच्या नावावर जमलेला जुना विश्वास मी एका कॅलिफोर्नियातल्या रोपाच्या पदरात टाकला आणि मावशीने तो विश्वास चावून खाल्ला.

गेल्या दिवाळीआधी मी ती आठ घरे पुन्हा फिरलो. दोन घरी रोप मेले होते, म्हणजे तसे त्यांना वाटत होते. कुंडीखालच्या फरशीच्या सांध्यात पिल्ले उभी होती. एका घरी ते पन्हळीत चढून कौलावर पोचले होते. एका घरी सूनबाई म्हणाल्या, "काका, आमच्या ह्यांना ॲसिडिटीवर रोज एक पान द्यायचं ठरवलं होतं. बरं झालं आलात." प्रत्येक कुंडीत मी पत्र्याची पट्टी रोवली. तिच्यावर नाव लिहिले, मधल्या गुणिले चिन्हासकट, आणि खाली: 'पानफुटी नव्हे. खाऊ नये.' कौलावरची रोपे उतरवली, वाळवली आणि जाळली. उकिरड्यावर टाकली असती तर पुढच्या पावसात तिथून उठली असती.

शेवटी मावशीकडे गेलो. तिची कुंडी उचलून आणली आणि तिच्या जागी एका जुन्या वाड्याच्या परसातून मिळवलेली खरी पानफुटी ठेवली. तिने पान हातात घेतले, कडेच्या खाचा बोटाने चाचपल्या. "हे बघ, हीच रे आमची पानफुटी," ती म्हणाली. "तू दिलेली बघून मला तेव्हाच वाटलं होतं, पान वेगळं दिसतंय. पण म्हटलं, तू पुस्तकं वाचतोस, तुला जास्त कळत असेल."